प्रभू सोबत होता, तरी घर रिकामंच होतं

आईच्या शवपेटीवर माती टाकून मागे वळले, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकट्या कुठे आहात? प्रभू आहे ना सोबत!"

त्यांच्या बोलण्यात मायाच होती. पण या वाक्याने पुढचे कित्येक महिने माझं तोंड बंद केलं, म्हणून आज लिहिते आहे.

मी नगरची. लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं नर्सची नोकरी, त्यातली शेवटची नऊ वर्षं ड्युटी संपवून घरी आलं की आईचं अंथरूण. ती गेल्यावर आठ दिवस घरात माणसं होती, शोकप्रार्थना झाली, डबे आले. नवव्या दिवशी दार लावलं ते लावलंच. संध्याकाळी सात वाजता फोनवर आईच्या गोळीचा अलार्म वाजायचा. तो काढून टाकायचं आठ महिने मनात होतं, आणि शेवटी काढलाच नाही.

त्या वर्षी नाताळात कॅरलची, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणणारी, मुलं आमच्या गल्लीत आली. शेजारच्या दोन घरी गायली. मी करंज्या करून, बाहेरचा दिवा लावून बसले होते. मुलं पुढे निघून गेली. यादी घरांची होती आणि आमच्या घरात आता 'घरचे' नव्हते, एवढंच झालं असणार. मी दिवा बंद केला आणि पहिल्यांदा देवाला मोठ्याने म्हणाले, मला एकटं वाटतंय. लगेच अपराधी वाटलं. प्रभू सोबत असताना असं वाटतं म्हणजे माझाच विश्वास कमी, असं मी धरून चालले होते.

मग एकदा बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना थांबले. लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, ऐकलेला भाग. मनुष्य एकटा असावा हे बरं नाही, असं देव म्हणतो. कधी म्हणतो? अजून पाप झालेलं नाही, बाग तशीच आहे, आदाम देवाच्या अगदी जवळ आहे. देव सोबत असतानाही त्याला माणूस लागतं, हे आदामाने नव्हे, खुद्द देवाने ओळखलं! त्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून रडले. देवाने कधीच मला दोष दिला नव्हता.

त्यानंतर पवित्र शास्त्रात जिथे तिथे हेच दिसायला लागलं. गेथशेमाने बागेत प्रभू येशू तिघा शिष्यांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. पित्याशी त्याच्याइतकं जवळचं कोण होतं? तरी त्याला शेजारी माणसं हवी होती, आणि ती झोपली. स्तोत्रकर्ता स्वतःला छपरावर एकट्या बसलेल्या पाखरासारखा म्हणतो. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ते वाचून मला किती हायसं वाटलं! रडगाणंही उपासनेच्या पुस्तकात ठेवायची परवानगी आहे.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो संदेष्टा एलीया. तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. मी नर्सच्या डोळ्यांनी वाचते. देवदूत उपदेश करत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. वॉर्डात आम्हीही हेच करायचो, आधी पेशंटच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. पुढे होरेब डोंगरावर एलीया म्हणतो, मी एकटाच उरलो आहे. तेव्हा देव त्याला आणखी सात हजार जण असल्याचं सांगतो आणि त्याच्यानंतर संदेष्टा होणाऱ्या अलीशाकडे पाठवतो. म्हणजे एक नाव, एक माणूस, ज्याच्याकडे चालत जायचं.

नगरहून दौंडमार्गे केडगाव फार लांब नाही. तिथल्या, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये मी पूर्वी एकदा गेले होते. आई गेल्यावर पुन्हा गेले, आणि या वेळी रमाबाईंचं आयुष्य वेगळंच दिसलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास उरला, तो १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. हातात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांच्या सोबत आलेल्या मैत्रिणीने जीव दिला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे स्वकीयांतले कितीतरी जण दुरावले. या बाईंना मनातून काय वाटलं असेल ते मी कोण सांगणार? पण त्यांनी काय केलं ते समोर आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. जिची माणसं दुष्काळाने नेली तिने दुष्काळातूनच माणसं आणली. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा भोवती भरलेलं घर होतं.

माझं काम त्यामानाने कणभर. आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, दृष्टी अधू झालेली, मुलं परगावी. रोज संध्याकाळी सातला अलार्म वाजला की मी त्यांना फोन करते, एक स्तोत्र वाचते, मग दोघी प्रार्थना करतो. कधी प्रार्थना दोन मिनिटांची आणि भाजीच्या गप्पा अर्ध्या तासाच्या होतात. मला तीही प्रार्थनाच वाटते.

आणखी एक, नर्स म्हणून सांगते. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाच, पण डॉक्टरकडेही जा. एलीयाला आधी भाकर मिळाली होती, हे विसरू नका.

गेल्या वर्षी मी धीर करून पाळकसाहेबांना कॅरलचं सांगितलं. त्यांनी यादी पुन्हा केली. एकट्या राहणाऱ्या माणसांची अकरा घरं निघाली. अकरा! आम्ही सगळे दर रविवारी एकाच छताखाली बसत होतो. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीनंतर, यातले जमतील तेवढे माझ्याकडे जेवायला येतात. साधा डाळभात, पापड, लोणचं. नगरमध्ये असाल आणि त्या दिवशी घरी एकटेच जेवणार असाल, तर मेसेज करा. तांदूळ वाढवायला मला अर्धा तास पुरतो.