‘सिल्कसाँग’ रखडला नव्हता

‘हॉलो नाइट’ ह्या व्हिडिओ गेमनं एवढा पैसा मिळवून दिला, तरी तो बनवणाऱ्या टीम चेरी ह्या छोट्या स्टुडिओनं माणसं घेतली नाहीत, म्हणून त्याचा पुढचा गेम ‘सिल्कसाँग’ सात वर्षं रखडला. स्टुडिओ वाढवायचा तर भरती करावीच लागते. हे मत सध्या जिथे तिथे वाचायला मिळतं. मला ते मुळातच पटत नाही.

आधी ‘रखडला’ हा शब्द. ॲडलेडच्या ह्या स्टुडिओचे ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी गेम येण्याच्या तोंडावर स्वच्छ सांगितलं, की काम कुठेही अडलं नव्हतं. सुचत गेलं, करायला मजा येत गेली, तसा गेम वाढत गेला. मुळात तो ‘हॉलो नाइट’ला जोडायचा एक भाग होता!

आता भरती. २०१४ साली किकस्टार्टर ह्या लोकवर्गणीच्या साइटवर जेमतेम ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवून ह्यांनी ‘हॉलो नाइट’ची सुरुवात केली. त्यातून काय उभं राहिलं ते खेळून बघा. नव्या भागात शिरलात की जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात, पलीकडून कुणाचं तरी गुणगुणणं येतं. आवाजाच्या मागावर गेलात की नकाशे काढणारा कॉर्निफर भेटतो. त्याच्याकडून नकाशा घ्यायचा, पण पुढे आपण पाहिलेलं त्यावर उमटतं ते बाकावर टेकल्यावरच. चित्र, आवाज आणि खेळाचा नियम एकमेकांत इतके मिसळलेत, कारण ते ठरवणारी माणसं मोजकी होती. ‘सिल्कसाँग’च्याही गाभ्यात तिघंच, आणि संगीताला ख्रिस्तोफर लार्किन. ही वीण शंभर जणांत टिकली असती असं मला वाटत नाही.

भराभर वाढण्याचं उदाहरणही आहेच. ‘अँग्री बर्ड्स’ ह्या मोबाइल गेमच्या यशानंतर फुगलेल्या रोव्हिओ कंपनीला २०१४ मध्ये शंभरावर माणसं कमी करावी लागली.

‘एवढी वर्षं लोक थांबत नाहीत’ हेही खोटं ठरलं. ४ सप्टेंबर २०२५ ला गेम आला तेव्हा स्टीमसकट ऑनलाइन दुकानं कोलमडली, आणि एकट्या स्टीमवर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक खेळत होते.

एक तक्रार मात्र रास्त आहे. चिनी भाषांतर कच्चं निघालं, खेळणारे चिडले, आणि स्टुडिओला ते सुधारायचं कबूल करावं लागलं. तिथे आणखी जाणकार हात हवेच होते.