अंगठी पडली की पाडली?

रविवारी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाता खाता मित्रासोबत जे वाजलं ते अजून डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून इथं लिहितो. मी फक्त एवढंच म्हटलं की टोल्कीनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे धार्मिक पुस्तक आहे, तर भाऊ प्लेट खाली ठेवून म्हणे, "काहीही काय बे, त्यात देऊळ नाही, चर्च नाही, कोणी हात जोडत नाही, तू धर्म कुठून आणून राहिला?"

त्याचंही बरोबरच आहे म्हणा. सिनेमे तीनदा पाहिलेत त्यानं, पुस्तक नाही वाचलं. पण टोल्कीन पक्का कॅथलिक माणूस, 1953 च्या एका पत्रात त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की हे मुळात धार्मिक, कॅथलिक पुस्तक आहे, आणि म्हणूनच पूजाअर्चा वगैरे वरवरचं सगळं त्यानं काढून टाकलं. लोणच्यात मीठ मुरतं तसा धर्म गोष्टीत मुरवलाय, फोडीवर दिसत नाही. गोष्ट एका दुष्ट अंगठीची, ती ज्वालामुखीच्या आगीत टाकून नष्ट करायची असते. ती नष्ट होते ती तारीख 25 मार्च, म्हणजे मेरीला येशूच्या जन्माची वर्दी मिळाली तो चर्चच्या कॅलेंडरातला दिवस. हे काय चुकून झालं असेल का!

पण माझा खरा मुद्दा शेवटच्या सीनचा. अंगठी टाकायला निघालेला हिरो फ्रोडो एवढा मरमर करत त्या ज्वालामुखीपर्यंत पोचतो आणि ऐन वेळी म्हणतो, नाही टाकत, अंगठी माझी. हरतो चक्क. अंगठीसाठी वेडा होऊन मागं लागलेला गोलम त्याचं बोट चावून तोडतो, अंगठी हातात घेऊन नाचतो, नाचता नाचता पाय सरकतो आणि अंगठीसकट खाली आगीत. कोणी ढकलत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हे काय, लेखक थकला का? मग मागची पानं चाळली तर थोडं आधी डोंगरावर फ्रोडो गोलमला बजावतो, परत मला हात लावलास तर तूच त्या आगीत पडशील. अरे हा तर शाप आहे! महाभारत ऐकत मोठे झालेल्या माणसाला हे वेगळं समजवावं नाही लागत. आणि शाप फळतो तोही दयेमुळं, कारण फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोनं, मग फ्रोडोनं, शेवटी तर त्याचा दोस्त सॅम यानंही या गोलमला मारायची संधी असून सोडलेलं असतं. सोडलं नसतं तर अंगठी कोणाच्याच हातून आगीत गेली नसती.

आपण नागपूरवाले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "घेऊन जा गे मारबत" म्हणत मारबतीच्या पुतळ्यासोबत सगळी रोगराई गावाबाहेर नेऊन जाळून येतो, हसत खेळत. टोल्कीन म्हणतो, नेता येईल बाबा तिथपर्यंत, पण शेवटचं टाकणं माणसाच्या हातून होत नाही, ते कृपेनंच होतं.

आणि 2003 च्या सिनेमात काय केलं? शापाचं वाक्यच नाही. फ्रोडो उठतो, गोलमवर झडप घालतो, झटापट होते, दोघंही कड्यावरून जातात, हिरो लटकतो, दोस्त हात देतो. 11 ऑस्कर मिळाले, मलाही सिनेमा जाम आवडतो, थिएटरात रडलोय मी. पण तिथं अंगठी झटापटीत पडते. गोलमवरच्या दयेचा संवाद मात्र आधी पहिल्या सिनेमात मोरियाच्या गुहेत ठेवलाय, म्हणजे उधारी लिहून ठेवली आणि वसुलीच नाही केली.

'गोल्डन कम्पास'चं तर विचारूच नका. त्याचा लेखक पुलमन नास्तिक, त्याची पुस्तकं सरळ चर्चच्या सत्तेवर तुटून पडतात. 2007 च्या सिनेमात ते इतकं पातळ केलं की पुस्तकाचा भयंकर शेवटही कापून टाकला. तरी अमेरिकेत एका कॅथलिक संघटनेनं बहिष्कार पुकारलाच, आणि पुस्तकाचे चाहतेही नाराज. पुढचे भाग आलेच नाहीत. नंतर 2019 पासून सिरियल आली, तिनं मात्र हिंमत केली. मला पुलमनचं सगळं पटत नाही, पण त्याचं भांडण देवाशी आहे तर देवाशीच राहू द्या नं.

नार्निया आईसोबत पाहिला होता. 2005 चा, पहिला. सिंह दिसल्यावर आई म्हणे, "नरसिंह होय का रे हा?" मग त्या सिंहाला दगडी टेबलावर बांधतात, आयाळ कापतात, त्या एका चुकार पोराच्या बदल्यात तो गुपचूप मरतो. आई सुपारी कातरायची थांबली. "आपला नरसिंह तं फाडते, हा काहून मरून राहिला?" आता मी तिला नार्नियाचा लेखक लुईस, येशू, क्रूस हे सगळं सांगणार तेवढ्यात सिंह परत जिवंत होऊन आला, तर म्हणे, "हं, म्हणजे पोराचं पाप यानं आपल्या अंगावर घेतलं." संपला विषय. बायबल तिनं उघडलेलं नाही.

म्हणून मला कळत नाही हे सिनेमावाले घाबरतात कोणाला.

दुसरा भागही लावला होता तिच्यासाठी. त्यात सिंह यायलाच इतका उशीर की आई दोनदा विचारून गेली, "आला का?" आणि मग "देव इतका उशिरा येते का बापा" म्हणत झोपायला निघून गेली.