गीत-आदित्यच्या फोटोवर चार अक्षरं लिहिली म्हणून जोडी सिद्ध होत नाही

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. डावीकडे 'जब वी मेट'मधली गीत, उजवीकडे आदित्य, तिच्या फोटोवर लिहिलंय ईएनएफपी, त्याच्या फोटोवर आयएनटीजे, मधे सोनेरी हार्ट. ही अक्षरं मायर्स-ब्रिग्ज नावाच्या स्वभावाच्या टेस्टची, ती माणसांचे सोळा टाइप करते आणि प्रत्येक टाइपला चार अक्षरं देते, त्यातलं पहिलं ई म्हणजे बहिर्मुख (एक्स्ट्रोव्हर्ट) आणि आय म्हणजे अंतर्मुख (इंट्रोव्हर्ट). खाली दावा असा की ही 'गोल्डन पेअर' आहे, हे युंगच्या मानसशास्त्राने सिद्ध केलंय, गोष्टींमधल्या सगळ्या गाजलेल्या जोड्या अशाच असतात, आणि तुमचा पार्टनर पुढच्या तक्त्यात लाल चौकटीत येत असेल तर वेळीच विचार करा. दुसऱ्या स्लाइडवर तो सोळा बाय सोळाचा रंगीत तक्ता. निळं म्हणजे आदर्श, हिरवं म्हणजे चांगला चान्स, लाल म्हणजे धोका. माझ्या एका मैत्रिणीने परवा मोबाईलवर तो तक्ता दोन बोटांनी मोठा केला, आपली ओळ शोधली, त्याचा रकाना शोधला, आणि छान चाललेल्या नात्याबद्दल खरंच काळजीने म्हणाली, "आमचं लाल येतंय गं." मला ते ऐकून वाईट वाटलं आणि रागही आला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला दावा, गीत ईएनएफपी आणि आदित्य आयएनटीजे. बरं, पण कुठली गीत? ट्रेनमध्ये अनोळखी माणसाशी न थांबता बोलणारी, रतलामला गाडी चुकवून बसणारी, घरून पळून मनालीला निघालेली गीत म्हणत असाल तर हो, म्हणा ईएनएफपी. पण नऊ महिन्यांनी आदित्यला शिमल्यात सापडते ती गीत बघा ना. शाळेत शिकवतेय, घरच्यांना पत्ता नाही, चेहऱ्यावर काही नाही, विचारलं तेवढंच उत्तर. या गीतला कोणी टेस्ट द्यायला बसवलं आणि 'नवीन माणसं भेटली की तुम्हाला उत्साह येतो का' असं विचारलं तर ती कुठल्या गोलावर टिक करेल? आणि आदित्यचं तर उलटंच आहे. सुरुवातीला त्याचे वडील गेलेत, आईचं प्रकरण सगळ्या गावाला माहितीये, कंपनी बुडायला आलीये, आणि ज्या मुलीवर प्रेम होतं तिचं लग्न दुसऱ्याशी लागतंय. असा माणूस खिडकीबाहेर बघत गप्प बसणारच की, त्यासाठी त्याला इंट्रोव्हर्ट असायची गरज नाही, तो दुःखात आहे एवढंच. पुढे हाच आदित्य हसतो, कंपनी सावरतो, नव्या फोन कार्डाला गीतचं नाव देतो, आणि शिमल्यात बडबड तो करतो, गप्प ती असते. तुला नाकारणाऱ्या अंशुमनला फोन लाव आणि मनात आहे ते सगळं ओकून टाक, हे तिला तोच सांगतो.

म्हणजे एकाच सिनेमात दोघांचं पहिलं अक्षर बदललं, आणि दोघांचं जुळतं ते नेमकं या बदलामुळे जुळतं. तिने त्याला सावरलं तेव्हा तो पडलेला होता, त्याने तिला सावरलं तेव्हा ती पडलेली होती. पोस्टवाल्याने फोटो निवडताना मात्र तिचा पूर्वार्धातला खिदळणारा आणि त्याचा सूटातला गंभीर चेहरा निवडलाय, कारण दुसरे फोटो लावले असते तर दावा तिथेच पडला असता. अशा पोस्टमध्ये अर्धा युक्तिवाद फोटोच करतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही, एक चेहरा, एक रंग, चार अक्षरं, झालं, वाटतं की हा माणूस असाच आहे आणि कायम असाच असणार.

हे फक्त सिनेमात होत नाही. डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये या टेस्टवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात पाच आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली की साधारण निम्म्या लोकांचा टाइप बदलतो असं दिसलं. कारण सोपं आहे, बहुतेक माणसं मधेच असतात. कोणी थोडं बोलकं, कोणी थोडं कमी, आणि टेस्ट बरोबर मधोमध रेघ मारून अलीकडच्याला 'आय' आणि पलीकडच्याला 'ई' देते. रेघेच्या दोन बाजूंना चिकटून असलेली दोन माणसं एकमेकांसारखी असतात, पण तक्त्यात ती विरुद्ध टोकाला जातात. आता ज्या अक्षराची महिन्याभराची खात्री नाही त्यावर आयुष्यभराच्या जोडीदाराचा निर्णय कसा घेणार?

दुसरा दावा, हे युंगचं शास्त्र आहे. अर्धवट खरं. कार्ल युंगचं टाइप्सवरचं पुस्तक १९२१ चं, पण सोळा टाइप त्याने केलेले नाहीत आणि ही टेस्ट तर नाहीच नाही. ती केली कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी, मानसशास्त्राची पदवी दोघींकडेही नव्हती. पदवी नाही म्हणून काम वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरी बसून प्रश्न तयार करणाऱ्या इझाबेलबद्दल मला आदरच आहे. पण शेवटचं जे-पी हे अक्षर या मायलेकींनी जोडलेलं आहे, युंगच्या नावावर ते खपवू नका.

आणि याच इझाबेलची गोष्ट त्या पोस्टवाल्यांनी एकदा वाचावी. तिने क्लॅरेन्स मायर्स नावाच्या मुलाला घरी आणलं, तो तिच्या घरच्यांपेक्षा इतका वेगळा होता की आई कॅथरिनला वाटणारं माणसांच्या स्वभावांचं कुतूहल तिथून वाढलं असं सांगतात. १९१८ मध्ये दोघांचं लग्न झालं. इझाबेल स्वतःला आयएनएफपी म्हणायची आणि नवरा आयएसटीजे, चारपैकी तीन अक्षरं वेगळी. आता तो फिरणारा तक्ता उघडा आणि आयएनएफपीच्या ओळीत आयएसटीजेचा रकाना बघा. लाल! जिने ही टेस्ट बनवली तिचंच लग्न तुमच्या तक्त्यात धोक्याच्या चौकटीत आहे, आणि तिने आयुष्यभर सांगितलं काय, तर माणसं वेगळी असतात ती एकमेकांना समजावीत म्हणून हे आहे. ज्या गोष्टीचा हेतू समजून घेणं होता तिचा वापर आता माणूस न भेटताच कटवायला होतोय.

तक्त्याबद्दल अजून एक गोष्ट, ही फार कोणी लक्षात घेत नाही. मधली दोन अक्षरं एनएफ असलेल्या ओळी बघा, त्यात दुसरं अक्षर एस असलेले जवळजवळ सगळे रकाने लाल आहेत. एस म्हणजे समोरच्या ठोस गोष्टींकडे बघणारा, एन म्हणजे कल्पना आणि शक्यतांकडे बघणारा. अमेरिकेत या टेस्टच्या कंपनीने घेतलेल्या राष्ट्रीय नमुन्यात ७० टक्क्यांहून जास्त लोक एस निघाले होते. म्हणजे एखाद्या आयएनएफजे मुलीला हा तक्ता सांगतो की बाई, दहातली सात माणसं तुझ्यासाठी बादच. का, तर एस म्हणजे रुक्ष, रोजच्या बारीकसारीक गोष्टींत अडकलेला, खोल न बोलणारा असं गृहीत धरलंय. गॅस सिलेंडर संपत आलाय हे ज्याला आधी कळतं, आईच्या गोळ्या कुठल्या दुकानात मिळतात हे ज्याला पाठ असतं, त्या माणसाला लाल रंग. मला हे मनापासून अन्यायकारक वाटतं.

शिवाय तक्ते तरी कुठे एक आहेत! लिथुआनियाच्या आउश्रा आउगुस्टिनाविचूटे यांनी १९७० च्या दशकात युंगवरूनच सोशिओनिक्स नावाची दुसरी सोळा टाइपची पद्धत मांडली, तिच्यातही आदर्श जोड्या आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. फिरणाऱ्या तक्त्यात ईएनटीपीची जोडी आयएनएफजेशी, तिकडे त्याच्या जवळच्या टाइपची जोडी एस असलेल्या वेगळ्याच टाइपशी. मूळ पुस्तक एक, उत्तरं दोन, आणि दोन्हीकडचे लोक तेवढ्याच ठामपणे सांगतात की आमचं सिद्ध झालंय.

तिसरा दावा, गाजलेल्या जोड्या अशाच असतात. यात जेन ऑस्टिनच्या कादंबरीतले डार्सी आणि एलिझाबेथ हमखास येतात, तो आयएनटीजे आणि ती ईएनएफपी. पण 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आलं १८१३ साली, टाइप्सच्या शंभरेक वर्षं आधी, आणि त्यातली एलिझाबेथ कोणाला ईएनटीपी वाटते, कोणाला ईएनएफपी, त्यावर भांडणं चालूच असतात. मग होतं काय, जोडी शेवटी एकत्र येते हे सगळ्यांना आधीच माहिती असतं, म्हणून तक्त्यात बसतील अशी अक्षरं त्यांना दिली जातात, आणि मग त्याच अक्षरांवरून तक्ता बरोबर ठरवला जातो. उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं आहे हे.

आणि लेखकाला विरुद्ध स्वभाव लागतातच. दोन शांत माणसं एका खोलीत आपापलं पुस्तक वाचतायत, मधेच कोणीतरी चहा टाकला, यावर अडीच तासांचा सिनेमा निघत नाही, प्रत्यक्षात मात्र असा संसार चाळीस वर्षं सुखाने चालतो. गप्प, दुखावलेला, हुशार पुरुष आणि त्याला हसायला शिकवणारी बडबडी मुलगी हा सिनेमावाल्यांचा जुना फॉर्म्युला आहे, त्यालाच आयएनटीजे-ईएनएफपी असं नाव दिलं की शास्त्र वाटायला लागतं. या फॉर्म्युल्यात मुलीच्या वाट्याला काय येतं तेही बघा, त्याला दुरुस्त करायचं काम. खऱ्या आयुष्यात हे काम करून थकलेल्या मुली मी पाहिल्यात, त्यांना 'पण तुमची गोल्डन पेअर आहे' असं सांगणं क्रूर आहे.

काल्पनिक जोडी लेखकाच्या मर्जीवर जुळते, याचा पुरावा तर खुद्द लेखिकेनेच दिलाय. २०१४ मध्ये जे. के. रोलिंग यांनी एका मुलाखतीत सांगितलं की 'हॅरी पॉटर'मधल्या रॉन आणि हर्मायनीची जोडी त्यांनी स्वतःच्या एका इच्छापूर्तीसाठी लावली, आणि या दोघांना पुढे समुपदेशनाची गरज पडली असती असंही त्या म्हणाल्या. ज्या बाईने दोघांना जन्माला घातलं तिलाच खात्री नाही आणि आपण त्यांच्या फोटोवर अक्षरं चिकटवून आपली नाती मोजायला निघालोय.

आता खऱ्या जोडप्यांवरच्या अभ्यासाकडे येऊ, कारण 'सिद्ध झालंय' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो विवाहित जोडप्यांवरचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये आला. नात्यातलं समाधान कशावर ठरतं तर थोडंसं आपल्या स्वतःच्या स्वभावावर, त्याहून कमी जोडीदाराच्या स्वभावावर, आणि दोघांचे स्वभाव एकमेकांशी किती जुळतात याचा वाटा जवळजवळ शून्य, अर्धा टक्काही नाही. हे जुळणं म्हणजेच तर तो सगळा तक्ता! २०२० मध्ये सामंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांमधली ११,१९६ जोडपी घेऊन कॉम्प्युटरला अंदाज करायला लावला, तर तिथेही वर आल्या त्या नात्यातल्या गोष्टी, म्हणजे समोरचा आपल्याशी किती बांधील आहे असं वाटतं, तो आपली कदर करतो का, शारीरिक जवळीक समाधानाची आहे का, भांडणं किती होतात. यातली एकही गोष्ट एकट्याच्या स्वभावाच्या टेस्टमध्ये येत नाही, कारण ती एका माणसाची नाहीये, दोघांच्या मधली आहे.

स्वभावाचा जो भाग नात्याला खरंच त्रास देतो तो म्हणजे सतत काळजी, चिडचिड, पटकन खचून जाणं. आणि मजा म्हणजे मायर्स-ब्रिग्जच्या चार अक्षरांत नेमकं हेच नाही, मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच हे दाखवून दिलं होतं. आपण इंटरनेटवर फुकट देतो ती सिक्स्टीन पर्सनॅलिटीजची टेस्ट खरं तर मायर्स-ब्रिग्ज नाहीचे, त्यांनी अक्षरं तशीच ठेवून पाचवं एक अक्षर जोडलंय, डॅशनंतर येतं ते ए किंवा टी, ते साधारण याच गोष्टीबद्दल आहे. नात्याशी ज्याचा थोडा तरी संबंध लागला असता ते अक्षर, आणि तक्ता करताना सगळे तेच गाळतात!

"पण माझं वर्णन शंभर टक्के जुळलं" असं म्हणणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोररचा प्रयोग आहे. १९४८ मध्ये त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावाची टेस्ट दिली, नंतर प्रत्येकाच्या हातात 'तुझं खास वर्णन' म्हणून एकच मजकूर ठेवला, आणि मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी चारहून जास्त मार्क दिले. तुम्ही वरवर आनंदी दिसता पण आतून कधी कधी असुरक्षित असता, हे कोणाला लागू नाही?

कोरियात सगळे वापरतात हाही मुद्दा कोणीतरी टाकला होता. वापरतात, खरंय. त्याआधी तिकडे रक्तगटावरून स्वभाव आणि जोड्या ठरवायचे, तेही सगळेच करायचे.

राहता राहिलं "अगं मजेसाठी आहे, एवढं काय". पात्रांना टाइप द्यायला मलाही आवडतं, शेरलॉक आयएनटीपी की आयएनटीजे यावर मी रात्री उशिरापर्यंत भांडू शकते, कारण त्यात शेरलॉकचं काही बिघडत नाही आणि पात्राकडे नीट बघायची सवय लागते. माझा आक्षेप 'वेळीच विचार करा'वर आहे. ही ओळ शेरलॉकला उद्देशून नाहीये, ती बाविशी-पंचविशीतल्या खऱ्या मुलामुलींना उद्देशून आहे, जी पत्रिकेच्या छत्तीस गुणांवरून आई-वडिलांशी भांडतात आणि डेटिंग ॲपवर मात्र 'नो एस टाइप्स' लिहितात. पोस्ट ज्याने केलीये त्याला एवढंच सांगणं आहे की पहिली स्लाइड हवी तर ठेव, त्यात शिमल्यातल्या गीतचा एक फोटो टाक, आणि तो तक्ता काढून टाक.