दक्षिण येमेन: नकाशावरून पुसलेला, पण न मुरलेला देश

वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावले, हे आपण शाळेत शिकतो. एडनलाच का नेलं, हे सहसा कुणी सांगत नाही. येमेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कॅप्टन हेन्सने १९ जानेवारी १८३९ ला ते बंदर ईस्ट इंडिया कंपनीसाठी घेतलं आणि पुढे १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून हाकला गेला. १९३७ मध्ये ते भारतापासून वेगळं काढलं, तरी बाजारात रुपया १९५१ पर्यंत चालत होता.

हे आठवायचं कारण म्हणजे येमेनची बातमी आली की आपल्याकडे ‘शिया-सुन्नी भांडण’ म्हणून विषय मिटवला जातो. दक्षिणेपुरतं तरी हे साफ चूक आहे. तिथलं मूळ दुखणं म्हणजे उत्तर आणि दक्षिण येमेनचं घाईत उरकलेलं एकीकरण, आणि त्याआधीची एक जखम जी कुणी धुतलीच नाही.

ब्रिटिश गेले आणि ३० नोव्हेंबर १९६७ ला एडनसह दक्षिण येमेन हा देश स्वतंत्र झाला. तीन वर्षांत त्याचं नाव झालं येमेनचं लोकशाही जनगणराज्य. अरब जगातलं हे एकमेव मार्क्सवादी राज्य. १९७४ च्या कुटुंब कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १६ केलं आणि दुसऱ्या लग्नाला कोर्टाची परवानगी लागू लागली. त्या भागात, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सत्ताधारी पक्षात मतभेद मिटवायची रीतच तयार झाली नाही. हरलेल्याला तुरुंग, परदेश किंवा गोळी. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सालिम रुबाई अली यांना सहकाऱ्यांनीच मृत्युदंड दिला.

मग उजाडला १३ जानेवारी १९८६. एडनमध्ये पॉलिटब्युरोची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीची, बैठक होती. सगळे येऊन बसले होते, फक्त अध्यक्ष अली नासिर मुहम्मद यांची खुर्ची रिकामी. त्यांची ब्रीफकेस घेऊन अंगरक्षक आत आला. नेहमीचंच दृश्य, म्हणून कुणी मान वर केली नाही. त्याने शस्त्र काढलं आणि उपाध्यक्ष अली अंतर यांच्यावर गोळ्या झाडल्या. संरक्षणमंत्री सालेह मुस्लेह कासिम हेही त्याच खोलीत गेले. नंतरचे दहाबारा दिवस शहरात रणगाडे चालले, हजारो माणसं मेली. पंतप्रधान हैदर अल-अत्तास तेव्हा भारताच्या दौऱ्यावर होते, म्हणून बचावले आणि पुढे अध्यक्ष झाले.

भांडण कागदावर विचारसरणीचं होतं, पण फूट पडली ती प्रांतांवरून. अली नासिर यांच्यामागे अबयान आणि शबवा, विरोधात दाले, याफा आणि लहज. पहिल्यांना ‘झुमरा’ म्हणतात, दुसऱ्यांना ‘तुग्मा’. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढचा अर्धा इतिहास त्यातच आहे. हरलेले हजारो झुमरा सैनिक उत्तरेत पळाले. त्यांत अब्दरब्बू मन्सूर हादी नावाचा एक अधिकारी होता.

सोव्हिएत मदत आटली तशी दक्षिणेची खुमखुमी संपली आणि २२ मे १९९० ला दोन्ही येमेन एक झाले. तेव्हा उत्तरेची लोकसंख्या दक्षिणेच्या जवळपास चौपट होती. ३०१ जणांच्या संसदेत उत्तरेचे १५९, दक्षिणेचे १११ आणि ३१ नेमलेले. म्हणजे वाटणी बरीच उदार होती. मात्र निवडणूक झाली की डोकी मोजली जाणार, हे उघड होतं. एप्रिल १९९३ मध्ये तसंच झालं आणि दक्षिणेचा सत्ताधारी समाजवादी पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला.

खरी चूक सैन्यात झाली. झेंडा एक, संसद एक, पण सैन्य दोन. विश्वास वाढावा म्हणून तुकड्यांची अदलाबदल केली: दक्षिणेची चिलखती ब्रिगेड उत्तरेत अमरानला, उत्तरेची ब्रिगेड दक्षिणेत अबयानला. दोघांचे हुकूम मात्र आपापल्या जुन्या सेनापतींकडूनच येत राहिले. यातून विश्वास कसा वाढणार? प्रत्येकाची फौज समोरच्याच्या घरात ओलीस राहिली. २७ एप्रिल १९९४ ला पहिली मोठी लढाई पेटली ती अमरानमध्येच.

त्यातच १९९० च्या नोव्हेंबरमध्ये येमेनने सुरक्षा परिषदेत इराकला कुवेतमधून हुसकावायला बळ वापरू देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिलं होतं. येमेनच्या या भूमिकेवर सौदी अरेबिया नाराज होता. त्याच सुमारास तिथून लाखो येमेनी कामगार परतले, त्यांचे घरी येणारे पैसे थांबले. नव्या संसाराची सुरुवातच रिकाम्या तिजोरीने झाली.

१९९४ च्या युद्धात दक्षिणेचे नेते अली सालेम अल-बीध यांनी २१ मे ला दक्षिण पुन्हा वेगळं जाहीर केलं. ७ जुलैला एडन पडलं. उत्तरेच्या बाजूने लढत एडनवर चालून येणाऱ्यांत तेच १९८६ चे झुमरा होते. हादी संरक्षणमंत्री झाले, मग उपराष्ट्राध्यक्ष, आणि २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष. दक्षिणेचे हजारो अधिकारी सक्तीने घरी बसवले गेले. १९७४ चा कुटुंब कायदा तर १९९२ मध्येच गेला होता. २००७ मध्ये ‘हिराक’ चळवळ उठली ती याच निवृत्त अधिकाऱ्यांच्या पेन्शनच्या मागणीतून.

ऑगस्ट २०१९ मध्ये एडनच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या. एका बाजूला दक्षिण वेगळं मागणाऱ्या संक्रमण परिषदेचे, मुख्यतः दाले आणि याफाचे लढवय्ये, दुसऱ्या बाजूला अबयानच्या हादींचं सरकार. दोघेही सुन्नी, दोघेही दक्षिणेचे.