सिममधला क्लच निरुपयोगी आहे, या दाव्याला उत्तर

पुण्यातील सिम रेसिंग (संगणकावर स्टिअरिंग आणि पेडल जोडून खेळायच्या शर्यती) करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: आजच्या रेसिंग कारमध्ये क्लचचे पेडल राहिलेलेच नाही, खालचा गिअर टाकताना आपोआप रेस देणारा ऑटो-ब्लिप हे काम माणसापेक्षा अचूक करतो, गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून असलेली यंत्रणा) असल्यावर रेस देण्याची गरज नसते, पुण्याच्या रहदारीत रोज गाडी चालवणाऱ्याला क्लच येतोच, आणि घरगुती पेडलवर हील-अँड-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक दाबत अ‍ॅक्सिलरेटर देणे, जमत नाही. म्हणजे तिसरे पेडल ही निव्वळ हौस. हे वाचून नवी मुले दोन पेडलांचा संच घेऊन मोकळी होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. फेरारीने १९८९ मध्ये स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे खटके, म्हणजे पॅडल, असलेली ६४० ही कार उतरवली, नायजेल मॅन्सेलने तिच्या पहिल्याच शर्यतीत ब्राझीलला विजय मिळवला, आणि पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून एच-पॅटर्नचा (नेहमीच्या गाडीतल्यासारखा) गिअर दांडा नाहीसा झाला. आजच्या जीटी३ (स्पोर्ट्स कारपासून बनवलेल्या रेसिंग) कारमध्येही क्लच लागतो तो मुख्यतः थांबलेली गाडी हलवताना. ज्याला केवळ असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओने हा जीटी गाड्यांचा सिम चालवायचा आहे, त्याने डाव्या पायाने ब्रेक मारायला शिकावे, असे मीही सांगेन. परंतु त्याच कंपनीच्या आधीच्या असेट्टो कोर्सामध्ये बीएमडब्ल्यू एम३ ई३० आहे आणि १९६७ मध्ये झांडव्होर्टला जिम क्लार्कने पदार्पणातच जिंकलेली लोटस ४९ आहे. या गाड्या पॅडलने चालवणे म्हणजे त्यांचा अर्धा स्वभाव बाजूला ठेवणे.

सिंक्रोमेशचा मुद्दा मात्र साफ चुकीचा आहे आणि बाकीचा गोंधळ त्यातूनच निघतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतले दाते आणि शाफ्ट यांचा वेग जुळवतो, त्यामुळे गिअर न खरखरता पडतो. क्लचच्या पलीकडे असलेल्या इंजिनाशी त्याचा काही संबंध येत नाही. समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन ५,००० आरपीएमवर आहे आणि तिसऱ्याचे गुणोत्तर ३० टक्क्यांनी मोठे आहे. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन ६,५०० वर असायला हवे. पण ब्रेक मारताना अ‍ॅक्सिलरेटर सुटलेला असतो, आणि क्लच दाबताच इंजिन वर चढण्याऐवजी खाली घसरते. क्लच सोडल्यावर हे अंतर कुणीतरी भरून काढावेच लागते, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते मागचे टायर भरून काढतात. ब्रेकमुळे भार पुढे सरकलेला असतो, मागचे टायर आधीच हलके झालेले असतात, त्यात हा हिसका बसला की ते क्षणभर अडकतात आणि गाडीची शेपटी सुटते. इटलीतल्या इमोला ट्रॅकच्या रिवाझा वळणाला, जिथे उतारावर ब्रेक मारून डावीकडे वळायचे असते, एम३ माझ्या हातून कितीतरी वेळा याच कारणाने फिरली आहे. हील-अँड-टो म्हणजे हेच: उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून पायाच्या उजव्या कडेने किंवा टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला ठोका द्यायचा, तो इंजिनाला ६,५०० च्या आसपास नेऊन ठेवण्यासाठी.

ऑटो-ब्लिप तो ठोका नेमका देतो, हे मान्य. सुरुवातीला त्याने लॅपही कमी वेळात होतील. पण ज्या गाडीत मुळात अशी यंत्रणा नव्हती, तिच्यात तो चालू ठेवला की खालचा गिअर केव्हा टाकायचा हा निर्णय ढिला पडतो. स्वतः ठोका देणाऱ्याला वेग पुरेसा उतरेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर इंजिन लाल रेषेपलीकडे जाते. पाचव्यावरून थेट दुसऱ्यावर यायचे असेल तर मोठा ठोका द्यावा लागतो, आणि तो किती मोठा हे कान सांगतात.

आता पुण्याच्या रहदारीचा मुद्दा. चांदणी चौकाच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे हे कौशल्यच आहे, पण ते वेगळे कौशल्य आहे. शहरात उजवा पाय एका वेळी एकच पेडल दाबतो. कात्रजच्या घाटात उतरताना आपण खालचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडतो, म्हणजे आरपीएमचा फरक क्लच घासून भरून काढतो. ट्रॅकवर हीच सवय नडते, कारण तेवढा वेळ मागची चाके ओढली जात राहतात आणि वळण तर समोर येऊन ठेपलेले असते. शिवाय सराव करायचा कुठे? घाटात, मागे ट्रक असताना, तो कुणी करू नये. कोइमतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडाचे ट्रॅक पुण्यापासून हजार किलोमीटरहून दूर आहेत. या सरावासाठी घरातला सिम हीच योग्य जागा आहे.

पेडलांबद्दलची तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. खऱ्या गाडीत ब्रेक जोरात दाबल्यावर तो साधारण अ‍ॅक्सिलरेटरच्या पातळीला येतो. मऊ स्प्रिंगच्या पेडलवर तो खूप खाली जातो आणि पाय शेजारी पोहोचत नाही. लोड सेलचे, म्हणजे किती सरकले याऐवजी किती जोर दिला ते मोजणारे पेडल जवळपास हलतच नाही, म्हणून ते उंच राहते. दोन्ही ठिकाणी पट्ट्यांची उंची आणि अंतर बदलून पाहावे. गुळगुळीत टाइलवर संच मागे सरकत असेल तर तो भिंतीला टेकवावा, चाकांच्या खुर्चीची चाके अडवावीत. क्लचची पकड नेमकी कुठे सुरू होते याची जाणीव मात्र स्प्रिंगचे पेडल देऊ शकत नाही, आणि ती सिममध्ये शिकता येईल असा माझा दावा नाही.

सरावाची सुरुवात गिअर न बदलता करावी: सरळ रस्त्यावर ब्रेक स्थिर धरून नुसते ठोके द्यावेत आणि नंतर टेलिमेट्रीत (सिमने नोंदवलेल्या आलेखात) ब्रेकची रेषा पाहावी. ठोक्याच्या जागी तिच्यात खड्डा दिसत असेल, तर पाय ब्रेकवरून उचलला जातो आहे. तो खड्डा बुजेपर्यंत गिअरच्या दांड्याला हात लावू नये.