मे महिन्याचं ऊन आणि काळी काच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला तपासून पाहायचा होता. तपासला, आणि तुमचं बरोबर निघालं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे भाऊ यवतमाळ-नागपूर भाड्याची गाडी चालवतात. डायलिसिसचे, कॅन्सरचे पेशंट नेतात-आणतात. काचांवर काळी फिल्म लावूच नये असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं: मॅडमना मे महिन्यातलं ऊन ठाऊक नाही, कायदा बदलला तेही ठाऊक नाही, पुढाऱ्यांच्या काळ्या काचा त्यांना दिसत नाहीत, आणि काळी काच बायाबापड्यांच्याच सोयीची असते हे एका बाईला कळू नये याचं नवल वाटतं. शेवटी त्यांनी विचारलंय, अडीच हजार देऊन लावलेल्या फिल्मचं आता करायचं काय?

आधी कायद्याचं. 'कोणतीही फिल्म चालत नाही' असं मी सरसकट लिहिलं होतं. २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चित्र तसंच होतं. फिल्म कितीही पारदर्शक असो, काचेवर वेगळी चिकटवायची नाही आणि पोलिसांनी ती काढून टाकायची, असा तो निकाल होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम पुढे बदलला. १ एप्रिल २०२१ पासून, ठरलेल्या भारतीय मानकात बसणारी, आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात धरली गेली. त्याच्याच आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की मानकात बसणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. हे माझ्या लेखात यायला हवं होतं. आलं नाही, ती माझी चूक. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

पण भाऊ, त्याच नियमातला दुसरा भाग तुम्ही सोडून दिलात. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. ही अट २०१२ च्या आधी होती आणि केरळच्या निकालातही ती जशीच्या तशी आहे. शिवाय हा हिशेब फिल्म आणि काच मिळून करायचा असतो. समजा, कंपनीतून आलेल्या तुमच्या हिरवट काचेतून १०० पैकी ७५ भाग प्रकाश आत येतो. दुकानदाराने त्यावर 'पन्नासची', म्हणजे निम्मा प्रकाश आत सोडणारी, फिल्म लावली, तर ७५ चे निम्मे म्हणजे साडेसदतीसच उरले. पन्नासची फिल्म पन्नासच्या नियमात बसत नाही, ती अशी. आणि तुम्ही स्वतः लिहिलंय की तुमची 'वीसची' आहे. म्हणजे आत येतात फक्त १५ भाग. या काचेला केरळच्या निकालाचा आधार नाही. पहिल्यांदा पकडलं तर ५०० रुपये, पुन्हा पकडलं तर १५००, हा दंड तिला लागूच आहे.

आता ऊन. मी वणीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज २२ किलोमीटर जाते आणि तितकीच येते. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटली की भर दुपारी घरी पोचते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ पर्यंत जातो तेव्हा आमच्याकडेही काही सावली धरलेली नसते. उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावताना ओढणी गुंडाळावी लागते. त्यामुळे 'ऊन ठाऊक नाही' हे मी मान्य करणार नाही.

पण काच जितकी काळी तितका गारवा, हा समज चुकीचा आहे. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना दिसतच नाही. ते अवरक्त किरण असतात. स्वस्त रंगीत फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड अडवते. तो उजेड ती स्वतःत मुरवून घेते, स्वतः तापते, आणि त्यातली बरीच उष्णता पुन्हा आत सोडते. दुपारी तुमच्या काळ्या काचेला आतून हात लावून पाहा. अवरक्त किरण अडवणाऱ्या जवळजवळ पारदर्शक फिल्म वेगळ्या असतात. त्या महाग आहेत, पण मानकाचं प्रमाणपत्र आणि पक्कं बिल देऊन कोणी तशी लावत असेल, आणि काचेसकट हिशेब ७० आणि ५० मध्ये बसत असेल, तर माझा विरोध नाही. आणि गाडीतली सगळ्यात मोठी, तिरपी, आभाळाकडे तोंड केलेली काच समोरची. तिच्यावर तुम्ही काळं काही लावलेलं नाही, लावूही शकत नाही. बरंचसं ऊन तर तिथूनच आत येतं.

तुमच्या पेशंटांसाठी मला एक सुचतंय. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत नागपूरकडे जाता तेव्हा तोंड ईशान्येला असतं. सकाळचं ऊन समोरून आणि उजवीकडून येतं. दुपारनंतर परतताना तोंड नैर्ऋत्येला, आणि पश्चिमेचं ऊन पुन्हा उजवीकडूनच. पेशंटला जातायेता दोन्ही वेळा मागे डावीकडे बसवा. निघण्याआधी चारही काचा उघडून दोन-तीन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, मगच एसी लावा. गाडी उभी असेल तेव्हा समोर चमकीचा पडदा आणि बाजूला जाळ्या खुशाल लावा, चालवताना काढा. एवढं करूनही मे महिना सुसह्य होतो असं मी म्हणणार नाही. मे महिना कठीणच आहे.

आता ते सांगते, जे मागच्या लेखात लिहायला धीर झाला नव्हता.

माझी गाडी जुनी घेतलेली आहे. ती आली तेव्हा तिच्या बाजूच्या काचांवर काळी फिल्म होती, तुमच्यासारखीच. मला आवडली होती. दिवाळीनंतरचे, कापूस वेचणीचे दिवस होते. शाळेत कागदपत्रांचं काम लांबलं आणि निघायला सव्वासहा झाले. त्या दिवसांत आमच्याकडे सव्वासहाला अंधारून आलेलं असतं. गावाचा रस्ता जिथे डांबरी सडकेला मिळतो तिथे दिवा नाही. मला उजवीकडे वळायचं होतं. उजवीकडे पाहिलं, काही नाही. डावीकडे पाहिलं, काही नाही. गाडी पुढे घेतली आणि बोनेटच्या उजव्या कोपऱ्याशी एकदम बैलाचं शिंग दिसलं.

बैलबंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याने कासरा ओढला, मी ब्रेक दाबला. मध्ये हातभर अंतर राहिलं असेल. बंडीत कापसाचे गाठोडे, त्यावर दोन बाया आणि एक लहान पोर बसलेलं. काच खाली केली तर आभाळाच्या उजेडात सगळं स्पष्ट दिसत होतं. बैल, बंडी, पोराचा पांढरा सदरा. काच वर असताना यातलं काहीच दिसलं नव्हतं. हेडलाइटचा उजेड समोर पडतो, उजवीकडून येणाऱ्यावर पडत नाही. वळणावर बाजूचं दिसतं ते केवळ काचेतून, आणि माझ्या काचेने त्यातला बहुतेक उजेड बाहेरच ठेवला होता. त्यात वय. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. मी तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

धुरकरी रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, "बाई, मले काचातून कोनीच दिसलं नाई. मले वाटलं रिकामी गाडी उभी हाय."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. तोवर मी काचेचा विचार फक्त माझ्या बाजूने करत होते. मला दिसतं का, मला ऊन लागतं का. पण आपल्या रस्त्यांवर ना सिग्नल, ना पट्टे, ना पोलीस. पांदणीतून बंडी वर येते, शेळ्या आडव्या येतात, डोक्यावर तुराट्यांचा भारा घेतलेली म्हातारी सडक ओलांडते. आधी कोण जाणार, हे सगळे जण ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहून ठरवतात. तुम्ही मान हलवता, हात दाखवता, म्हातारी निघते. तुमचा चेहरा दिसला नाही तर तिने काय समजायचं? गाडी तिच्यासाठी हळू झाली की ब्रेकरसाठी, हे तिला कळणार कसं? माझी सारी कळकळ या एका गोष्टीसाठी आहे, भाऊ.

मागच्या काचेचंही तेच. अरुंद सडकेवर तुमच्या मागे असलेल्या मोटारसायकलवाल्याला तुमच्या मागच्या-पुढच्या काचेतून पुढचा रोही (नीलगाय), पुढचा खड्डा दिसतो. काच काळी असली की त्याला फक्त तुमची गाडी दिसते.

बायांच्या सोयीबद्दल तुम्ही मनापासून लिहिलंय, हे मला जाणवलं. लेकराला पाजायचं असतं, आजारी बाईला आडोसा हवा असतो. त्यासाठी गाडी झाडाखाली थांबवून पडदा लावता येतो. पण रस्त्यावरच्या बाईचा विचार करा. माझ्या सातवीच्या मुली शेजारच्या वाडीतून तीन किलोमीटर पायी येतात. मागून गाडी आली आणि हळू झाली की त्या आत पाहतात. ओळखीचा चेहरा दिसला तर हसून चालत राहतात. काळ्या काचेची गाडी हळू झाली तर शेतात उतरतात. हे मी स्वतः पाहिलंय. २०१२ चा निकाल ज्या याचिकेवर आला, तिच्यातही काळ्या काचांआड होणारे गुन्हे, विशेषतः बायकांवरचे अत्याचार, हाच मुद्दा होता.

पुढाऱ्यांबद्दल तुमचा राग रास्त आहे, माझाही आहे. २०१२ मध्ये सवलतीचा विचार झाला तो फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी. आपल्या तालुक्यात फिरणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्यांपैकी एकाही मालकाला तशी सुरक्षा नाही. पावती आधी त्यांची फाटली पाहिजे, मग भाडं मारून पोट भरणाऱ्याची. हे मी आमच्या ठाण्यात लेखी दिलंय. तुम्ही तुमच्याकडे द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. अडीच हजार गेले, ते परत येणार नाहीत. फिल्म काढायला मात्र पैसे लागत नाहीत. गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी करा, गोंद मऊ होतो. कोपरा नखाने सोडवा आणि हळूहळू, सरळ खाली ओढत न्या. घाई केली की फाटते आणि गोंद काचेवर राहतो. राहिलेल्या गोंदाला साबणाचं कोमट पाणी लावून फडक्याने घासा. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या काचेवर धुकं घालवणाऱ्या बारीक तांबूस तारा असतात, तिथे ब्लेड अजिबात लावू नका, तारा तुटतात. मला चार काचांना एक रविवार लागला होता. आधी पुढच्या दोन दारांच्या काचांवरची काढा, मागचीला वेळ लागला तरी चालेल.