वही तिच्याकडं, सही मात्र बापाची

आज एका सरकारी कार्यालयात एका माउलीला सांगण्यात आलं, "बाई, मुलाच्या वडिलांना घेऊन या. त्याशिवाय पालकत्वाची फाईल पुढं जात नाही." लेकरू १९ वर्षांचं, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातापायांची हालचाल ताब्यात नाही, वरून फिट येतात. बाप ७ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. हिच्या पिशवीत २०० पानी वही. त्यात प्रत्येक फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं चालली, आधी ताप होता का, गोळी चुकली होती का, सगळं. कुणी ती वही उघडून पाहिली नाही.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मूल १८ वर्षांचं झालं की आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. हे बऱ्याच घरांना बँकेच्या खिडकीवर कळतं. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करून पालकत्व घ्यायचं असतं. एरवी अर्ज दोघं मिळून करतात. पण जोडीदार वारला, घटस्फोट झाला, कायद्यानं वेगळे झाले, सोडून गेला किंवा त्याला शिक्षा झाली, तर उरलेल्या एकानं अर्ज करायचा, असं नियमातच आहे. सोडून गेला! मग सात वर्षं तोंड न दाखवलेल्या माणसाला तिनं कुठून हुडकून आणायचं?

आणि मुलीच्या बाबतीत तर एकट्या पुरुषाला पालकत्व देतच नाहीत. त्याची बायको सोबत हवी, आणि मुख्य सहपालक तीच. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना कळलं होतं, खिडकीवर कळत नाही.

"बाईला हिशेब जमंल का?" असंही कुणीतरी पुटपुटलं. पालकानं ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, नंतर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब द्यायचा, एवढंच काम आहे. अनुदानात गोळ्या, डायपर आणि एसटीचं भाडं बसवणाऱ्या बाईला विचारताय हे?

त्या वहीत फक्त फिट नाहीत. भरवताना मान मागं गेली की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत उतरतो आणि मग छाती भरते, हे तिनं बघून बघून लिहिलंय. पाठ टेकवून बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून न्यायचा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. गावातल्या आणखी तीन घरांत अशी लेकरं आहेत. त्यांच्या आया हिच्याकडं शिकायला येतात. हिला कुणी पुढारी म्हणत नाही. बॅनरवर फोटो येत नाही ना!

बीडकडच्या ऊसतोडीचं बघा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर. दिवाळीनंतर आई गेली की लेकरू आजीकडं, नाहीतर सोबत फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. पाच-सहा महिने व्यायाम बंद, पायाचे स्नायू आखडतात, आधी बसणारं मूल बसेनासं होतं. गोळ्या संपल्या की तिकडं मिळत नाहीत, आणि फिटची गोळी एकदम थांबली की फिट उसळून येतात. जायच्या आधी पूर्ण हंगामाच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि आजीला शिकवलेले दोन-तीन व्यायाम, हे मागावं लागतं ते आईनंच.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम उभं केलं, दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली स्वमग्न मुलांसाठी. दोघी मुळात अशाच लेकरांच्या आया. आपल्याकडं मात्र विशेष शाळेत शिकवायला ताई, भरवायला-पुसायला मावशी, आणि संस्थेच्या बैठकीत सगळे बापे! स्थानिक स्तर समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो. तिथं एखादी आई का नको?

हो, सगळे बाप पळून जात नाहीत. खांद्यावर लेकरू घेऊन फिरणारेही बघितलेत. आणि त्या खिडकीवरच्या माणसामागंही रांग होती, मान्य.

पण खरं सांगू, आता रागापेक्षा वाईट जास्त वाटतंय. ती भांडली नाही. "बरं साहेब" म्हणाली, वही पिशवीत घातली आणि लेकराची लाळ पदरानं पुसली. तिला वाटलं, चूक आपलीच.

सोमवारी ती परत जाणार आहे. सोबत अर्ज, लेकराचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), वयाचा पुरावा, तिचं आधार, रहिवासी दाखला, फोटो, आणि नवरा सोडून गेल्याचं प्रतिज्ञापत्र. ग्रामपंचायतीचा दाखलाही जोडलेला बरा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, आणि नाही म्हणाले तर ते लेखी मागायचं. ज्यांच्या घरात असं १७-१८ वर्षांचं लेकरू आहे त्या बायांनो, तुम्हीही आजच कागद काढून ठेवा. वही नसेल तर आज रात्रीपासून सुरू करा. तारीख, वेळ, किती मिनिटं.